मसाल्याच्या डब्याशेजारचा मोरेश्वर

आमच्या शेजारचा मोरेश्वर मस्कतला एसी दुरुस्त करतो आणि नागपुरात राहतो. राहतो म्हणजे, गोळीबार चौकाजवळच्या त्याच्या घरात, ओट्यावर, मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये. त्याची ड्यूटी दुपारची. सकाळभर फोन चालूच. मी दारात पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "चपला बाहेर काढ गा, मायनं आत्ताच पोछा मारला!"

"एवढा वेळ फोन कशाला चालू ठेवतोस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पैसे नाही पडून राहिले! बोल बिनधास्त."

भाजीवाला आला की काकू, म्हणजे त्याची माय, फोन तळहातावर घेऊन दारात जातात. मग मस्कतहून वांग्यांची तपासणी होते. "उलटव. मांगची बाजू दाखव. भोक आहे ना त्याले?" एकदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, ताजा आहे का, याचा अंदाज येईना, तर म्हणाला, "माय, तू वास घे, मी तुझं तोंड पाहतो." भाजीवाला आता आधी फोनला नमस्कार करतो, मग गाडी लावतो.

तिकडे नेहमीचे इंटरनेट कॉल चालत नाहीत म्हणे. त्यामुळे हा सतत नवी नवी अ‍ॅपं शोधतो आणि काकूंच्या फोनवर ती टाकायचं काम माझ्याकडे. एका अ‍ॅपात मध्येच कोणी मल्याळी गृहस्थ बोलू लागला. मोरेश्वरनं फोन न ठेवता त्याच्याशी मोडक्या हिंदीत पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या अ‍ॅपात आवाज उशिरा पोचायचा. "माय, दूध उतू चाललं!" हे ऐकू येईपर्यंत काकू ओटा पुसून मोकळ्या झालेल्या असायच्या. उलट त्याच म्हणायच्या, "काहून बोंबलून राहिला? झालं ते झालं."

हा माणूस इतका वेळ फोनला चिकटून करतो तरी काय, याचं मला फार कुतूहल होतं. कारण पुष्कळदा तो बोलतही नसे.

गेल्या उन्हाळ्यात काकू लेकीच्या बाळंतपणासाठी उमरेडला गेल्या. तिथं नेटवर्कची बोंब. पहिले काही दिवस मोरेश्वरचा पत्ता नव्हता. मग एका रविवारी आम्ही नवरा-बायको जेवायला बसलो आणि त्याचा फोन आला.

"काय करून राहिला गा?"

"जेवतोय. नंतर करू का?"

"नाही, जेव ना. फक्त फोन तिथंच टेकवून ठेव."

मी तो पाण्याच्या तांब्याला टेकवला. पडद्यावर एक लोखंडी पलंग, वर स्टीलची ताटली आणि मोरेश्वर. हिनं पदर सावरला आणि विचारलं, "काय जेवून राहिले भाऊजी?" त्यानं ताटली वर करून दाखवली. खुबूस, म्हणजे तिकडची बाजारची रोटी, आणि डाळ.

मग तो गप्प झाला. मला वाटलं, लाइन गेली.

"मोरेश्वर, आहेस ना?"

"आहो गा. तुमी बोला. तुमचं घरातलं बोला."

हिनं सिलिंडरचा विषय काढला. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, ती म्हणाली तुमच्याच जिभेले चव नाही, आणि आमचं नेहमीसारखं जुंपलं. तो ऐकत होता. घास अगदी सावकाश चावत होता. ताटली रिकामी झाली तरी उठला नाही, बोटानं डाळीची कड पुसत बसला.

मला वाढता वाढता हिचा हात थांबला. तिनं फोनकडे पाहिलं.

"भाऊजी, अजून घ्या ना."

मोरेश्वर दचकला. मग बाजूच्या पिशवीतून त्यानं खुबूस काढलं, अर्धं तोडून ताटलीत ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला,

"बस, वयनी. थोडंसंच."