दुमिंग अंकल आणि सगळ्यांचं घर

ओमानमधल्या बौशरच्या त्या घरात पहिल्याच सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर माझी इस्त्रीची पॅन्ट दुमिंग अंकलनी घातलेली. खाली बसून माझेच मोजे चढवत होते.

"अंकल, ही माझी पॅन्ट!"

"माझं-तुझं खलास!" ते प्रेमाने म्हणाले. "खुंटीवर माझी आहे, घाल."

त्यांची पॅन्ट माझ्या घोट्याच्या बरीच वर संपत होती. नव्या नोकरीचा पहिला दिवस मी तसाच काढला.

नव्वदीतली गोष्ट. अंकल आमच्या वसईचेच, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. तरुणपणी घरातून पळून गोव्यात हिप्पींच्या वस्तीत राहिले होते. वस्ती मोडली, पण अंकलनी ती डोक्यात घेऊन ओमानला आणली. आम्हा पाच जणांच्या घरात खोल्यांना दारंच नव्हती. अंकलनी ती उतरवून गच्चीवर टाकली होती. "दार आलं की मालक आला," म्हणायचे. संडासाचं दार तेवढं वाचलं, तेही गुप्त मतदानाने, तीन विरुद्ध दोन. अंकलच्या बाजूचं दुसरं मत कुणाचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

दर शुक्रवारी सभा. भांडी कुणी घासायची यावरून बंधुभावापर्यंत चर्चा जाई आणि शेवटी भांडी अंकलच घासत.

"गोव्यातही असंच होतं?" मी विचारलं.

"तिथं जग बदलणारे वीस जण होते," ते म्हणाले. "संडास धुणारा मी एकटा."

पुढे माझी बायको रोझी आणि आमची तान्ही रिटा वसईहून आल्या. मी शेजारच्या इमारतीत घर घेतलं, दारांसकट. अंकल लगेच भेटायला आले. रिटाला त्यांच्या मांडीवर देत मी गमतीने म्हणालो, "घ्या अंकल, ही पण सगळ्यांची!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही!" ते इतक्या जोराने ओरडले की रोझी स्वयंपाकघरातून धावत आली. "ही तुझी. तुम्हा दोघांची. परत असं बोलू नकोस."

 मग रिटाला नीट मांडीवर घेत त्यांनी सांगितलं. गोव्याच्या वस्तीत एक मुलगी जन्मली होती. मूल सगळ्यांचं, असं ठरलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अंकलनीसुद्धा. मग वस्ती मोडली आणि तिची आई तिला घेऊन आपल्या देशात निघून गेली.

"पण बाप कोण होता?" रोझीने विचारलं.

"ते विचारायचं नसे." रिटाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. तिच्याकडे बघतच ते म्हणाले, "पण त्या पोरीचे कान अगदी माझ्या आईसारखे होते."