टिकाराम कापगते दाबमुक्त होतात

आमबोडी येथील रहिवासी श्री. टिकाराम कापगते यांचा रक्तदाब नॉर्मल आला आणि तेथून त्यांच्या अडचणींना सुरुवात झाली.

आमबोडी हे सानगडीच्या पलीकडे, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वसलेलं गाव. टिकाराम तिथे धान पिकवतो आणि हंगामात आजूबाजूच्यांचा धान घेऊन राइस मिलला घालतो. काही वर्षांपूर्वी धानाच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावर उभ्या उभ्या त्याला घेरी आली. तपासलं तर रक्तदाब बराच वर गेलेला. तेव्हापासून गावच्या आरोग्य उपकेंद्रातून त्याला एक लहान पांढरी गोळी मिळू लागली. सकाळच्या चहानंतर त्याची बायको चंद्रकला ती त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळायचा. त्यानंतर त्याच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. गोळीचा उद्देशही तोच होता.

याच सुमारास वरच्या कार्यालयात कोणाच्या तरी लक्षात आलं की गावं तंटामुक्त झाली, हागणदारीमुक्त झाली, आता मुक्त करण्यासारखं फारसं काही शिल्लक नाही. शोध घेतला असता रक्तदाब अजून मोकळा फिरत असल्याचं आढळलं. सबब ‘दाबमुक्त गाव’ ही मोहीम जाहीर झाली आणि पाहणीसाठी एक साहेब आमबोडीला आले.

उपकेंद्राचा कारभार अपेक्षा नावाच्या आरोग्य अधिकारी बाई पाहत. मूळच्या नाकाडोंगरीकडच्या, वयानं तरुण. त्यांनी साहेबांसमोर टिकारामच्या दंडाला पट्टा बांधला, तो फुगला, उतरला.

“काका, एकदम नॉर्मल.”

“गोळी घेतो ना रोज,” टिकाराम म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. “नॉर्मल आहे ना? मग हे रुग्ण कसे?”

“सर, गोळी घेतात म्हणून नॉर्मल आहे,” अपेक्षा म्हणाली.

“गोळी हा उपचार आहे. उपचार झाला, आजार गेला. मलेरियात आपण काय करतो?”

“पण हा मलेरिया नाही, सर.”

“तेच म्हणतोय मी. हे मलेरियापेक्षा सोपं आहे. डाससुद्धा मारावे लागत नाहीत.”

त्या दिवशी ज्यांचं ज्यांचं मोजलं, ते सगळे गोळ्या खाणारे आणि म्हणून सगळे नॉर्मल होते. सूर्य मावळायच्या आत आमबोडी दाबमुक्त झालं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. मुक्त झालेल्यांत टिकाराम सर्वांत ज्येष्ठ निघाल्यामुळे सरपंच भुपेंद्र लंजे यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि गावाच्या वेशीवर लागणाऱ्या फलकासाठी त्याचा फोटो काढून घेतला. नंतर उपस्थितांना आलुबोंडे आणि तळलेल्या खाऱ्या मिरच्या वाटण्यात आल्या.

महिना संपला तसा टिकाराम गोळ्या आणायला उपकेंद्रात गेला.

“गोळ्या नाही आल्या, काका,” अपेक्षा म्हणाली. “दाबमुक्त गावाले बीपीच्या गोळ्या येत नाही.”

“मंग मी का खाऊ?”

“कागदोपत्री तुम्ही बरे झाले ना.”

“मी गोळीनं बरा आहो, मॅडम.”

“हो. म्हणूनच बंद झाली.”

यावर विचार करण्यासाठी टिकारामला पायरीवर बसावं लागलं. तिथे शेजारची रुखमिणी आधीच बसली होती. तिला मागे हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि तिच्या हातात मात्र गोळ्यांची चांगली जाड पुडी होती.

“तुले कशा भेटल्या वो?”

“माह्या छातीच्या होय ना. छातीची मोहीम अजून निंघाली नाही,” रुखमिणी म्हणाली. तिनं पुडी पदराखाली घेतली. मोहीम कधी निघेल याचा नेम नव्हता.

थोड्याच दिवसांत टिकारामचं डोकं मागच्या बाजूनं ठणकू लागलं. अपेक्षानं मोजलं. आकडा वर होता. तिनं दुसऱ्या दंडावर मोजलं, दुसऱ्या मशीननं मोजलं. आकडा वरच होता. तिनं तो मोबाईलमधल्या सरकारी ॲपमध्ये भरायला घेतला, तेव्हा ॲपनं नम्रपणे कळवलं की सदर गावात ही नोंद उपलब्ध नाही. मग तिनं साहेबांना फोन लावला.

“दाबमुक्त गावात बीपी वाढलेला दाखवते?” साहेब म्हणाले. “मशीन खराब आहे. दुरुस्तीला पाठवा.”

“सर, दुसऱ्या मशीनवर पण तेवढाच आहे.”

“मग दोन्ही पाठवा.”

दोन्ही मशीनी गेल्या. त्यानंतर आमबोडीत एकाचाही रक्तदाब वाढल्याचं आढळून आलं नाही.

टिकाराम सरपंचाकडे गेला. भुपेंद्रनं त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं. मोहिमेची दुसरी पाहणी अजून व्हायची होती. त्यात गाव टिकलं, तर इनाम म्हणून तलावाच्या पाळीवर ओपन जिम मंजूर होणार होती.

“भाऊ, फलकावर फोटो तुमचा आहे,” भुपेंद्र म्हणाला. “तुम्हीच असे म्हणाल तं गावाचं का होईन?”

“पण डोकं ठणकून राहिलं ना, भुपेंद्र.”

“ठणकू द्या. डोक्याले कोणाची मनाई नाही. फक्त बीपी नोका म्हणू. डोकं म्हणा. डोकं चालते.”

चंद्रकलाला हा खुलासा पटला नाही. बाजाराच्या दिवशी ती साकोलीला गेली, औषधाच्या दुकानात जुन्या पट्टीचं रिकामं कवच दाखवून नव्या गोळ्या घेतल्या आणि पिशवीत वांग्यांच्या खाली ठेवून घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर तिनं त्यातली एक टिकारामच्या तळहातावर ठेवली.

टिकारामनं ती परत तिच्या हातात दिली.

“अजी, असे का करून राहिले? घ्या ना.”

“कोणी पाह्यलं तं? शाल घेतली ना मी चार लोकांत. शाल घेऊन गोळी कशी खाऊ?”

“शाल काढून खा.”

“तुले नाही समजत त्यातलं.”

चंद्रकलाला त्यातलं काय समजायचं होतं, हे टिकारामनं सांगितलं नाही. तिनं गोळी चहात विरघळवून पाहिली. त्याला कडवट लागलं. त्यानं कप तसाच ठेवला आणि तेव्हापासून चौकातल्या टपरीवर चहा प्यायला सुरुवात केली. चंद्रकलानं पट्टी तांदळाच्या डब्यात ठेवून दिली. रोज तांदूळ काढताना ती तिच्या हाताला लागायची आणि रोज ती एकदा दाराकडे पाहायची.

आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. टिकारामचं डोकं ठणकायचं थांबलं.

रक्तदाब होता तिथेच होता, पण तो आता दुखत नव्हता. टिकारामला झोप लागू लागली. अंगात हलकं वाटू लागलं. कोणी लसूण सांगितला, तो त्यानं खाल्ला. कोणी मोबाईलवर दुधीचा रस पाठवला, तो प्यायला. बरं कशानं वाटतंय ते ठरवता येईना, तेव्हा त्यानं ते आपल्या मनाच्या ताकदीला बहाल केलं. लोक विचारू लागले. टिकाराम सांगू लागला. गोळीची सवय लागते, गोळीनं शरीर आळशी होते, एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही, असं तो चौकात बसून सांगे. शेवटचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

त्याची कीर्ती पसरली. शेजारच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. फटफटीवर मागे बसून, खांद्यावर शाल टाकून तो जायचा आणि लोक गोळ्या सोडायचे. त्यांनाही आठवडाभर बरं वाटायचं. एवढा मान टिकारामला धानाच्या धंद्यात कधी मिळाला नव्हता. रात्री जेवताना तो चंद्रकलाला म्हणाला, “पाह्यलं? उगाच घाबरत होतीस.”

“मी अजून घाबरूनच आहो,” चंद्रकला म्हणाली आणि त्याच्या पानात मीठ कमी घातलेली भाजी वाढली. एवढंच तिच्या हातात उरलं होतं. टिकारामनं वरून मीठ घेतलं.

दुसरी पाहणी निर्विघ्न पार पडली. मशीनी दुरुस्तीहून आल्या नसल्यामुळे साहेबांनी लोकांच्या चेहऱ्यांवरून पाहणी केली. चेहरे समाधानकारक आढळले. इनामाच्या कार्यक्रमाला पटांगणात मांडव पडला. साहेब आले, भुपेंद्रनं प्रास्ताविक केलं आणि दाबमुक्तीचा अनुभव सांगण्यासाठी टिकारामला माइकसमोर उभं केलं.

“मी एकही गोळी खाल्ली नाही,” टिकाराम म्हणाला. टाळ्या पडल्या. “मले काही नाही झालं. माहा म...”

पुढचा शब्द आला नाही. त्यानं तो पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा घशातून निराळाच आवाज निघाला. उजव्या खांद्यावरची शाल घसरली. ती सावरायला हात उचलला गेला नाही.

“भावना अनावर झाल्या आहेत,” साहेब शेजाऱ्याला म्हणाले. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

बायकांच्या रांगेतून चंद्रकला उठली. तिनं कोणाला काही विचारलं नाही, लोकांच्या अंगावरून वाट काढत ती सरळ मंचावर चढली आणि खाली जाणाऱ्या नवऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. “तोंड पाहा त्यांचं,” ती मंचावरच उभ्या असलेल्या अपेक्षाला म्हणाली. “वाकडं होऊन राहिलं.”

अपेक्षानं एकदाच पाहिलं आणि फोन काढला. ॲम्ब्युलन्सवाल्यांना ती गावाचं नाव सांगत असताना भुपेंद्र तिच्या कानाशी आला. “मॅडम, चक्कर सांगा. साहेब बसून आहे. बीपी नोका म्हणू.”

अपेक्षानं त्याच्याकडे पाहिलं. नंतर साहेबांकडे पाहिलं. तिची नोकरी कंत्राटी होती.

“लकवा मारला आहे,” ती फोनमध्ये म्हणाली. “जुना बीपी आहे. गोळी बंद होती. लवकर गाडी पाठवा.”

माइक चालू राहिला होता. हे वाक्य मांडवात, मांडवाबाहेर आणि तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू गेलं. पुढे सादर झालेल्या अहवालात त्याची नोंद ‘ध्वनिक्षेपकातील तांत्रिक बिघाड’ अशी आहे.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टिकारामला आत घेतलं आणि बाहेर येऊन चंद्रकलाला विचारलं, “बीपीची गोळी चालू होती?”

“होती. बंद केली.”

“कोणी सांगितलं बंद करायला?”

चंद्रकलानं आठवून पाहिलं. साहेबानं सांगितलं होतं, सरपंचानं सांगितलं होतं, ॲपनं सांगितलं होतं. पण साकोलीहून आणलेली पट्टी तांदळाच्या डब्यात पडून होती, ती कोणी परत करायला सांगितली नव्हती.

“त्यांनीच,” ती म्हणाली. “बरं वाटत होतं म्हणे.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या मुलाकडे ते वळले आणि तोच प्रश्न विचारला. उत्तरही तेच आलं.

टिकाराम वाचला. उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही, पाय ओढावा लागतो आणि बोलताना शब्द एकेक करून येतात. आमबोडीचं इनाम मात्र गेलं नाही. झटका आमबोडीत आला असला, तरी आजाराचं निदान भंडाऱ्यात झालं, त्यामुळे रुग्ण भंडाऱ्याचा धरण्यात आला. पाळीवर ओपन जिम उभी राहिली, तिच्या दांड्यांवर धुणं छान वाळतं. अपेक्षाच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही. तिच्या जागी आलेली बाई कमी बोलते.

टिकाराम घरी आला, तेव्हा त्याला पाहायला गाव लोटलं. भुपेंद्र आला, मागच्या गल्लीतले नत्थू गुरुजी आले, शेजारच्या गावांतली माणसंही आली. खाटेभोवती सगळे दाटीनं बसले. टिकारामनं डावा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बराच वेळ घेऊन म्हणाला, “गोळी... सोडू... नोका.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चंद्रकला चहा घेऊन आली. तिनं एकेकाच्या हातात कप दिला आणि एकेकाला विचारलं, “तुमची चालू आहे ना?”

भुपेंद्र कपात पाहत म्हणाला, “मले तसा काही त्रास नाही ना, वहिनी.”

“मी मोकळ्या हवेत फिरतो,” नत्थू गुरुजी म्हणाले. “मागच्या महिन्यापासून बंदच केली. एकदम बरं वाटते.”

चंद्रकलानं ट्रे खाली ठेवला. टिकारामनं पुन्हा हात वर केला, पण तोवर मंडळी धानाच्या भावाकडे वळली होती.

ही मंडळी अडाणी आहेत, असं तुम्हाला वाटत असेल. तुमच्या गावात अशी मोहीम नाही, साहेब आलेले नाहीत, तुमच्या खांद्यावर कोणी शाल घातलेली नाही. तरीही टेबलाच्या खणात तुमच्या गोळ्यांची ती पट्टी निम्मी तशीच शिल्लक आहे, आणि ही गोष्ट तुम्ही घरात बोललेला नाहीत. टिकारामची गोळी बंद करायला शासनाला एक मोहीम, एक साहेब आणि एक ॲप लागलं. तुम्हाला नुसतं बरं वाटणं पुरलं.