दीड एकराचा बरोबर मध्य

एक वीतभर मूर्ती जमिनीत पुरायची, त्यात चुकण्यासारखं आहे काय? डॉ. छाया पगारे यांच्या मते काहीच नव्हतं. फिजिक्समध्ये पीएचडी केलेल्या बाईला खड्डा खणता येणार नाही, तर कोणाला येणार!

निफाड रोडवरच्या त्यांच्या कॅथलिक विद्यापीठाचं ते 'विकास वर्ष' होतं. तसा गेटवर फलकच होता. वर्षभरात नवं वसतिगृह झालं, स्टेडियम झालं, खुद्द गेटही नवं झालं. फिजिक्सची लॅब मात्र कँटीनमागच्या खोलीतच राहिली. बाहेर बांधकामाची यंत्रं धडधडली की आत एकही रीडिंग स्थिर राहत नसे. विज्ञान इमारत मंजूर होती, पण जागा नव्हती. म्हणजे जागा शेजारीच होती, झुंबर बोरस्त्यांची. दीड एकर, त्यावर वाळलेली द्राक्षबाग. मार्चअखेर सौदा झाला नाही, तर मंजुरी मॅनेजमेंट विभागाकडे जाणार होती. त्यांना कँटीनवर आणि मागच्या खोलीवर मिळून एक मजला चढवायचा होता. म्हणजे थेट लॅबच्या डोक्यावर!

झुंबरकाका दोन वर्षं नुसतं "बघू" म्हणत होते.

"संत जोसेफ!" मीटिंगनंतर सिस्टर रूथ हळूच म्हणाल्या. "हवी ती जमीन मिळावी म्हणून त्यांची मूर्ती त्या जमिनीत पुरतात. आमच्या कितीतरी कॉन्व्हेंटना जागा अशाच मिळाल्यात."

"मी असलं काही मानत नाही, सिस्टर."

"मानायचं कुठंय? पुरायचंय! माझे गुडघे गेलेत. आणि कुलगुरू असलेले फादर साळवे झग्यात कुदळ मारताना दिसले तर गावभर होईल. तुम्ही रोज सकाळी तिकडे फिरायला जाताच की. बांधाला पुरा कुठंही."

'कुठंही' हा शब्द छायामॅडमना खपत नसे. त्यांनी मोजणीचा नकाशा मिळवला, जमिनीचा बरोबर मध्य काढला, आणि सकाळी फिरायला जाताना पिशवीतून मूर्ती, खुरपं आणि मोजपट्टी नेली. खोली तीस सेंटिमीटर. एकोणतीस नाही, एकतीस नाही!

चौथ्या दिवशी झुंबरकाका फादरांच्या ऑफिसात हजर. "घ्या फादर, देतो जमीन! रविवारी जेसीबी लावून खुंटं उपटून देतो. एकदम साफ!"

सिस्टर रूथनी छायामॅडमकडे बघितलं. "योगायोग," छायामॅडम म्हणाल्या, पण कानापर्यंत हसत म्हणाल्या.

बांधाला पुरलेली मूर्ती शंभर वर्षं कोणाला दिसली नसती. बरोबर मध्यावरची तिसऱ्याच बकेटीत वर आली.

"थांब रे मेल्या, थांब! देव हाय त्यो!" झुंबरकाकांच्या बायकोची, कुसाबाईंची आरोळी चॅपलमधल्या प्रार्थनेत घुसली.

सोमवारी तिथे पत्र्याची शेड होती. मंगळवारी स्पीकर आला. पितळी मूर्तीला दाढी, हातात काठी, कडेवर बाळ, एवढ्यावरून गावाने नावही ठरवून टाकलं: लेकुरवाळे बाबा! गुरुवारी निफाडपासून जोडपी पाळणे बांधायला येऊ लागली. शुक्रवारी छायामॅडमना त्या रांगेत स्वतःचे सहा विद्यार्थी दिसले. त्यातला रोहित तर हातात नारळ घेऊन उभा!

"मॅडम, प्रॅक्टिकलची परीक्षा आहे ना," तो म्हणाला. "आपल्या लॅबमध्ये रीडिंग नशिबानंच येतं."

आणि झुंबरकाकांनी फादरांना निरोप धाडला, देवाची जागा विकायची नसते.

"खरं सांगून टाकू या, फादर," छायामॅडम म्हणाल्या.

"काय सांगू? की जमीन मिळावी म्हणून आम्ही गुपचूप तुमच्या शेतात मूर्ती पुरली?" फादर साळव्यांनी कपाळ चोळलं. "आणि बिशपना ही पद्धत मुळीच आवडत नाही. शिवाय इतकी माणसं संत जोसेफपुढे हात जोडताना मी तरी कधी बघितली नव्हती."

मार्च संपायला पाच दिवस उरले असताना झुंबरकाका स्वतःच लॅबमध्ये आले. बगलेत टॉवेलात गुंडाळलेले बाबा, मागे कुसाबाई.

"मॅडम, बोर्ड रंगवायचाय. मूर्ती किती जुनी, ते लिहायचंय. तुम्ही सायन्सवाल्या. तुम्ही सांगितलं म्हंजे कोण तोंड उघडणार नाय."

छायामॅडमनी मूर्ती टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी एकही खोटं रीडिंग वहीत लिहिलं नव्हतं. आजही लिहिणार नव्हत्या. शिवाय खरं सांगितलं तर इमारत वाचत होती!

"काका, ही मूर्ती तुमच्या जमिनीत पुरून फक्त तीन आठवडे झालेत."

"तीन?"

"तीन आठवडे. मीच पुरली."

मग कुसाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि खुदखुदायला लागल्या.

"घ्या! मॅडम पण!" झुंबरकाका म्हणाले. "अवो, गावातले आठ जण रोज येऊन सांगत्यात, आमच्याच आज्यानं पुरली म्हणून. ते निदान आज्याचं नाव तरी घेत्यात. तुम्ही नवव्या!"

"काका, मी मोजून पुरली. तीस सेंटिमीटर. हवं तर वहीत दाखवते."

त्यांनी वही उघडली. तेवढ्यात बाहेर कुठलंसं यंत्र सुरू झालं. टेबल थरथरलं, कपाटातल्या काचा वाजू लागल्या, मीटरचा काटा या टोकाहून त्या टोकाला पळत सुटला आणि बाबा टेबलाच्या कडेकडे चालू लागले. झुंबरकाकांनी त्यांना वरच्यावर झेललं, टॉवेलात नीट गुंडाळलं आणि खोलीभर नजर फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव होती.

"तुमची चूक नाय, मॅडम. असल्या खुराड्यात कसं निघायचं खरं वय? फादरांना सांगा, एक चांगली लॅब बांधून द्या म्हणावं." ते दारात थांबले. "आन् जागा बघायची झाली तर बाबांना नवस बोला. पावत्यात!"