सतरा नंबरचा दिवा

माणसाच्या पायात किती जोर आहे, हे बघून सांगणारे पुष्कळ भेटतील. मोजून सांगणारा अख्ख्या भुसावळात एकटा मी! विजेची मीटरं दुरुस्त करण्यात माझी अठरा वर्षं गेली होती. चहात साखरसुद्धा मी मोजूनच घालत असे.

माझा भाचा हिलाल सायकलपटू. अठ्ठ्याऐंशी साली धुळे ते जळगाव शर्यत होती. पहिल्या तिघांना खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळणार होती. पुढच्या वर्षी हिलाल वयात बसणार नव्हता. त्याला वडील नव्हते. ही नोकरी लागायलाच हवी होती.

"जोर मोजल्याशिवाय सराव म्हणजे आंधळी कोशिंबीर," मी म्हणालो. सायकल स्टँडवर चढवली, मागच्या चाकाला डायनामो लावला, त्याला बल्ब जोडला. दोन दिवसांत रोग सापडला. पठ्ठ्या पहिली दहा मिनिटं बल्ब पांढरा लख्ख पेटवायचा आणि अर्ध्या तासात तो निखाऱ्यासारखा लाल व्हायचा.

"पिवळा ठेव. पांढरा नको, लाल नको," मी सांगितलं. दोन महिन्यांत तो तीन-तीन तास बल्ब पिवळा ठेवायला लागला. खोटं नाही सांगत, मोजण्याचा उपयोग झाला होता. मी तिथंच थांबायला हवं होतं.

पण शर्यतीतही जोर कळायला नको? मी बल्ब हँडलवर आणला. उन्हात उजेड दिसेना. मग हिलालच्या आईच्या, म्हणजे पुष्पाअक्काच्या छत्रीचं काळं कापड फाडून बल्बाला टोपडं शिवलं. आत डोकावलं की रंग दिसे.

"पोरगं रस्ता देखी का दिवा, भाऊ?" अक्कानं विचारलं.

"रस्ता सरळच आहे, अक्का."

शर्यतीच्या दिवशी मी हार घेऊन जळगावच्या मैदानावर हजर. एरंडोलहून फोन आला, सतरा नंबर दोन मैल पुढे आहे. सतरा म्हणजे आपला हिलाल! शेजारच्या अनोळखी माणसाला मी वॉट म्हणजे काय ते समजावू लागलो. तेवढ्यात पहिला स्वार आला. नऊ नंबर. मग चार. मग बावीस. माझ्या हातात हार तसाच.

शेवटी महामार्ग सोडून मैदानाकडे वळायच्या वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला झुलाल नावाचा स्वयंसेवक आला. "साहेब, तो सतरा नंबर मघाशीच सरळ गेला, महामार्गानं. मी हाका मारल्या. त्यानं मान खाली ठेवूनच हात हलवला. छत्रीत डोकं घालून कोण सायकल चालवतं?"

एसटीनं घरी आलो. हिलाल ओट्यावर पाय पाण्याच्या घमेल्यात घालून बसला होता. जळगाव मागे टाकलं, नशिराबाद मागे टाकलं, आणि आमच्या घरासमोरच्या गतिरोधकावर आपटला तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

"दिवा पेटेच ना, मामा. म्हनीसन मी बठ्ठा जोर लाई दिन्हा."

सगळा जोर लावूनही दिवा पेटला नाही म्हणतो, म्हणून मी बल्ब काढून पाहिला. आतली तार तुटली होती. धुळ्याबाहेरच्या एखाद्या खड्ड्यातच गेली असणार.

"कितला जोर लागना व्हई, मामा?" त्यानं विचारलं.

माझ्याकडे आकडा नव्हता. मला रडू आलं. खुंटीवर अक्काच्या छत्रीच्या नुसत्या काड्या लटकत होत्या.

हिलालचं आता सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बरं चालतं. पाटीवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'सर्व कामे केली जातील. डायनामो बसवून मिळणार नाही.' मी समोरून जाताना पाटी वाचत नाही.