सबबींचा उपवास

राखेच्या बुधवारी संध्याकाळी लिओनार्ड मिस्किटाने दोन गोष्टी केल्या. साडेपाच वाजता काळाचौकीच्या एका तेरा मजली इमारतीत लिफ्टच्या कार्डावर 'ब्रेक तपासला, ठीक' असं लिहून खाली सही ठोकली. आणि साडेसहाला दादरच्या चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेऊन, लेंटच्या उपवासात, म्हणजे इस्टरपर्यंत, कुठल्याही चुकीची सबब सांगणार नाही, असा नेम धरला. नेम त्याने अगदी मनापासून धरला होता. ब्रेक मात्र पाहिलाच नव्हता.

लिओनार्ड परळच्या एका लिफ्ट-सर्व्हिस कंपनीत एकोणीस वर्षं सुपरवायझर होता. त्या दिवशी चर्चमधल्या राखेच्या मिस्साला उशीर होऊ नये म्हणून त्याने मेकॅनिक निलेशला "इथलं मी बघतो, तू पुढच्या बिल्डिंगला जा" म्हणून पिटाळलं. सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणी साटम यांच्याकडून मशीनरूमची किल्ली घेतली. मशीनरूम गच्चीच्याही वर. लिओनार्डने घड्याळ पाहिलं, जिन्याच्या वळणावर पाच मिनिटं उभा राहिला आणि किल्ली परत देऊन आला. देवाच्या दारी वेळेवर पोचायचं म्हणजे थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं, असा त्याचा हिशेब.

चर्चमध्ये फादर स्टॅनली नेमके त्याच दिवशी पेटले होते. "दरवर्षी तुम्ही मटण सोडता, बाटली सोडता आणि इस्टरला दुपटीने वसूल करता. यंदा मटण खा, पण सबबी सोडा. घरात, कामावर, जिथे चूक होईल तिथे एकच वाक्य म्हणायचं, माझी चूक. बघा जमतं का."

लिओनार्डला ते एकदम भिडलं. त्याने छातीवर हात इतक्या जोरात आपटून घेतला, की शेजारच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं. बायको फिलोमिना त्याच्याकडे बघून कुजबुजली, "हळू रे. देवाला ऐकू येतं."

घरी येताना ती म्हणाली, "अरे, सांगायचं राहिलं. मला नवीन ट्युशन मिळाली. नूपुर म्हणून मुलगी आहे, पियानो शिकायचाय. मंगळवार-शुक्रवार, पाच वाजता. काळाचौकीला, नववा मजला." आणि तिने इमारतीचं नाव सांगितलं.

लिओनार्डच्या कपाळावरची राख घामाने ओली झाली.

रात्रभर विचार करून त्याने ठरवलं, उद्याच जायचं, ब्रेक बघून यायचं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी तो साटमांच्या दारात उभा राहिला.

"किल्ली?" साटमांनी चष्मा वर सरकवला. "काल तर तुम्ही चेक करून गेलात. ठीक म्हणून सही हा तुमची. मग आज परत कशाक?"

लिओनार्डच्या जिभेवर एकाच वेळी अर्धा डझन सबबी आल्या. पाना वर विसरला. कंपनीचा नवा नियम आला. फोटो काढायचा राहिला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माणूस आणखी काय शिकतो? पण कालचा नेम अजून चोवीस तासांचाही झाला नव्हता. सबब सांगायची नाही म्हणजे खरं सांगायला हवं, आणि खरं सांगितलं तर साटम ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय जेवणार नाहीत.

"काही नाही. असंच," असं पुटपुटून तो उतरला. नेम पाळण्याच्या नादात बायको त्याच ब्रेकवर टांगलेली राहिली.

शुक्रवारी सकाळी त्याने विषय काढला. "फिलो, लेंट चालू आहे. तू त्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट वापरू नकोस. जिने चढ."

"नऊ मजले? माझा गुडघा माहितीये ना तुला?"

"त्याग म्हणून."

"त्याग माझा माझ्याकडे आहे. मी चहा सोडलाय. तुझा त्याग मी का करू?"

"चढ ना गं. माझ्यासाठी."

"पण का?"

आता 'का'ला उत्तर म्हणजे एक तर सबब, नाही तर सत्य. लिओनार्ड तोंड मिटून पाव चावत राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि फिलोमिनाने आजवर कुठलाही 'का' अर्ध्यावर सोडला नव्हता. पण त्या दिवशी तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पर्स उचलून निघून गेली. त्याला ओरडा चालला असता.

ऑफिसात मात्र नेम झोकात चालला होता. अँटॉप हिलला चुकीचा पार्ट गेला. पाठवला होता स्टोअरच्या जगदीशने, पण साहेबांनी "कोणाची चूक?" विचारताच लिओनार्ड ताडकन उभा राहिला. "माझी." जगदीशचा आ वासला. पुढच्या आठवड्यात फोनवरची वेन्डी एक तक्रार लिहून घ्यायला विसरली. लिओनार्ड म्हणाला, "माझी चूक. मी विचारायला हवं होतं." असं बोललं की त्याला आतून हलकं वाटायचं. जे टोचत होतं ते मात्र जागचं हलत नव्हतं. चौथ्या आठवड्यापर्यंत लोक स्वतःहून त्याच्या टेबलाशी यायला लागले. "मिस्किटासर, तुमचं लेंट चालू आहे ना? माझं जरा एक काम होतं." मॅनेजर हितेंद्र शहांच्या फायलीत लिओनार्डच्या नावाचे पाच मेमो जमले. त्या काळाचौकीच्या सहीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

मंगळवार आणि शुक्रवार हे दिवस त्याला खायला उठायचे. पाच वाजले की तो फोन हातात घेऊन बसायचा आणि सव्वासहाला फिलोमिनाचा 'निघाले' असा मेसेज आला की पाणी प्यायचा. ती लिफ्टने जाते की जिन्याने, हे विचारायची त्याची छाती नव्हती. विचारलं असतं तर तिने पुन्हा 'का' म्हटलं असतं.

पाचव्या शुक्रवारी सकाळी ती सहज म्हणाली, "नूपुर सांगत होती, त्यांची लिफ्ट हल्ली थांबताना बोटभर खाली सरकते. तुमच्याच कंपनीची ना? बघ जरा."

लिओनार्डच्या हातातला कप बशीवर आपटला. बोटभर सरकणं म्हणजे ब्रेक घासला, हे शिकाऊ मेकॅनिकही सांगेल. "आज जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"जाऊ नकोस म्हणतो ना!"

"तिची परीक्षा आहे सोमवारी. मी जाणार," असं म्हणून ती धुणं वाळत घालायला गेली.

दिवसभर तो कामात नव्हता. साडेचारला त्याने तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग पिशवी न घेताच तो जिना उतरला, टॅक्सी पकडली आणि लालबागच्या सिग्नलला टॅक्सी अडकल्यावर उतरून धावत सुटला. चूक कबूल करू, नोकरी जाऊ दे, सगळं जाऊ दे, पण ती लिफ्ट आज बंद झाली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

इमारतीच्या दारात वॉचमन बुधाजी खुर्चीत होता.

"पियानोवाल्या मॅडम?"

"त्या काय, आत्ताच वर गेल्या."

लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा चार झाला, पाच झाला. लिओनार्डने मीटरच्या खोलीत शिरून मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला, वर कुठेतरी घर्र आवाज आला आणि थांबला. आणि मग, हात अजून स्विचवर असतानाच, त्याच्या लक्षात आलं. वीज गेली की डबा फक्त ब्रेकवर थांबतो.

ज्या ब्रेकवर त्याचा भरवसा नव्हता, त्याच ब्रेकवर त्याने स्वतःच्या हाताने बायको टांगली होती.

तो जिने कसा चढला ते त्याचं त्याला ठाऊक नाही. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकली होती. सहाव्यावर त्याने दारावर दोन्ही हात आपटले. "फिलो! फिलो, हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

आतून कोणी बोललं नाही. नुसता खाकरल्याचा आवाज आला. तिचा राग असाच असतो, हे त्याला माहीत होतं.

"फिलो, ऐक. हा ब्रेक मी तपासलेलाच नाही. राखेच्या बुधवारी मी किल्ली घेतली, जिन्यात उभा राहिलो आणि खोटी सही केली. मिस्सा चुकू नये म्हणून. म्हणून तुला जिने चढ म्हणालो. खरं सांगायची हिंमत नव्हती. पाच आठवडे रोज मरतोय मी. माझी चूक आहे. दुसऱ्या कोणाची नाही, निलेशचीसुद्धा नाही. मला माफ कर."

आतून पुरुषी आवाज आला.

"पुढे बोला, मिस्किटा. ऐकतंय मी."

आत चिंतामणी साटम होते.

"आणि मी पण," वरून आवाज आला. सातव्या मजल्याच्या पायरीवर फिलोमिना गुडघा धरून बसली होती, घामाने डबडबलेली. "दर मंगळवार-शुक्रवार चढतेय. नऊ मजले. तू सांगितलंस म्हणून. मला वाटलं, काहीतरी नवस बोललास, सांगता येत नसेल."

लिओनार्ड तिथेच बसला आणि रडला. विनोदी कथेत नायकाने रडू नये, पण त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"रड नंतर," फिलोमिना म्हणाली. "आधी त्यांना बाहेर काढ."

साटमांनी दाराच्या फटीतून किल्ली सरकवली. बुधाजीला मेनला हात लावायचा नाही असं बजावून लिओनार्ड पहिल्यांदाच त्या मशीनरूमपर्यंत चढला, हाताने चाक फिरवून डबा सातव्यावर आणला आणि मग ब्रेक उघडून पाहिला. ब्रेकचं लायनिंग, म्हणजे चाकाला पकडून धरणारा थर, नखाएवढं उरलं होतं. आणखी किती दिवस टिकलं असतं, हे सांगता येत नव्हतं. साटम बाहेर येताना पुष्कळ बोलायचं ठरवून आले होते, पण ते नखाएवढं लायनिंग तळहातावर बघून त्यांनी खिशातलं पेन काढून लिओनार्डपुढे धरलं. लिओनार्डने लिफ्टला कुलूप घातलं आणि कार्डावर लिहिलं, 'मागील तपासणी न करता सही केली', आणि खाली पूर्ण नाव.

घरी चालताना तो म्हणाला, "ऑफिसात मी सगळ्यांच्या चुका अंगावर घेतल्या गं. पाच मेमो आहेत. वाटलं, त्यात ही पण फिटेल."

"दुसऱ्यांची पापं अंगावर घ्यायची पोस्ट दोन हजार वर्षांपूर्वी भरली, लिओ. तिथे व्हेकन्सी नाही. तू तुझी एक घे आणि उद्या जाऊन सांग."

शनिवारी सकाळी तो हितेंद्र शहांच्या केबिनमध्ये गेला. लिफ्ट बंद केल्याची खबर रात्रीच तिथे पोचली होती आणि टेबलावर निलेशला कामावरून काढण्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. निलेश कोपऱ्यात उभा होता, दोन मुलांचा बाप, चेहरा पांढराफटक.

"सर, त्या ब्रेकची चूक माझी आहे," लिओनार्ड म्हणाला.

शहा हसले. "सहावी?"

"ही खरंच माझी आहे."

"मिस्किटा, काल जगदीशने माझ्यासमोर कबूल केलं, तो पार्ट त्याने पाठवलेला. मग वेन्डी आली. मग बाकीचे तिघे आले. तुमच्या पाच चुकांतली एकही तुमची नव्हती. तुम्ही संत माणूस आहात. पण लिफ्टचा ब्रेक म्हणजे मस्करी नाही. सही तुमची असली तरी हा रूट निलेशचा आहे, तपासायचं काम त्याचं. त्याला वाचवू नका."

"मी कार्डावर लिहून दिलंय!"

"तेही त्याच्यासाठीच लिहिलं असणार."

"साटमांना विचारा!"

"विचारलं. ते म्हणाले, कबुली ऐकली, पण माणूस रडत होता, स्वतःसाठी की दुसऱ्या कोणासाठी ते काय सांगता येत नाही."

निलेश हळूच म्हणाला, "सर, राहू द्या. तुम्ही कशाला..." आयुष्यात पहिल्यांदा लिओनार्ड शंभर टक्के खरं बोलत होता आणि तरी निलेशची नोकरी जायची वेळ आली होती. त्याने फोन काढला. "फिलो, ऑफिसला ये. लगेच. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाहीये."

ती अर्ध्या तासात आली, खुर्चीत बसली, गुडघा सरळ केला.

"साहेब, चूक ह्याचीच आहे."

"मॅडम, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला हवं? हा मला पाच आठवडे नऊ मजले चढायला लावतो आणि कारण सांगत नाही. चूक दुसऱ्याची असती ना, तर ह्याने मला ती पहिल्याच दिवशी, जेवणाच्या टेबलावर, नावासकट सांगितली असती. बावीस वर्षं ऐकतेय मी ह्या ऑफिसात कोण कोण चुकतं ते. तुमचंसुद्धा नाव असतं त्यात. हा गप्प बसला म्हणजे चूक घरचीच."

शहांनी लिओनार्डकडे पाहिलं. लिओनार्डने मान खाली घातली. मान इतकी खाली गेलेली शहांनी त्याच्या एकाही मेमोच्या वेळी पाहिली नव्हती. त्यांनी निलेशचं पत्र उचलून चार तुकडे केले आणि वेन्डीला आत बोलावून, लिओनार्डच्या नावाने एक महिन्याच्या सस्पेन्शनचं नवं पत्र टाइप करायला सांगितलं. निलेश भिंतीला टेकून खाली बसला.

लिओनार्डच्या छातीवरचं ओझं पाच आठवड्यांत पहिल्यांदा उतरलं. आपली बाजू इतक्या ठामपणे आजवर कोणी मांडली नव्हती, असं त्याला वाटलं, आणि त्याने शेजारच्या खुर्चीत बसून टेबलाखाली तिचा हात धरला.

शहा जरा गोंधळून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुम्ही ह्यांच्या बाजूने आलात की विरुद्ध?"

"मी ह्याची बायको आहे, साहेब," फिलोमिना म्हणाली. "दोन्हीकडून."