खालून वर पुसलेला जिना

शनिवारी दुपारी दोनला वीस मिनिटं कमी असताना डॉ. टिल्मान वुर्स्टर जिना पुसत होता आणि त्याचे कान तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या उघड्या दाराकडे लागले होते. दाराला पाटी लटकत होती. ट्यूबिंगेनमधल्या त्या घरात, त्या भागातल्या रीतीप्रमाणे, पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना त्याचा. सोमवारी पाटी शेजारच्या दारावर जायची, पण त्याआधी तळमजल्यावरच्या घरमालकीण हेफेलेबाई जिन्यावरून बोट फिरवून बघायच्या.

आज टिल्मानला फोन यायचा होता. नऊ वर्षं ढाराढूर झोपलेला त्याचा लाडका न्यूट्रॉन तारा गुरुवारी अचानक क्ष-किरण ओकू लागला होता. तारा इथून निघून श्टुटगार्टला पोचायच्या आत संपेल एवढा छोटा, वजन मात्र सूर्याहून जास्त. त्याचं चुंबकत्व मोजायचं, तर क्ष-किरणांच्या आलेखात एक खड्डा शोधायचा. खड्डा कुठे पडतो त्यावरून चुंबकाचा जोर कळतो. पण तारा आठपंधरा दिवसांत विझणार होता. क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाच्या ऑफिसातून दोन ते अडीचच्या दरम्यान फोन येणार, आणि तो उचलला नाही तर निरीक्षणाचा वेळ दुसऱ्या गटाला जाणार. त्या लोकांना एका कृष्णविवराकडे बघायचं होतं. टिल्मानच्या नोकरीचा करार सप्टेंबरात संपत होता, आणि दाखवायला त्याच्याकडे त्या खड्ड्याच्या आशेशिवाय काही नव्हतं.

म्हणून त्याने शक्कल लढवली. सगळं जग जिना वरून खाली पुसतं. हा खालून वर पुसत निघाला, म्हणजे दोनच्या ठोक्याला आपोआप आपल्या दारात, फोनपाशी! हिशेब अचूक होता. दोनला मिनिटभर कमी असताना तो मोज्यांवर, बादली घेऊन, शेवटच्या पायरीवर पोचलासुद्धा. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन बंद झालं. किल्ली आत, फोन आत.

आणि फोन वाजायला लागला.

टिल्मानने दाराला खांदा दिला. दार मजबूत निघालं. सात वेळा वाजून फोन गप्प झाला. आणि मग खाली तळमजल्यावर हेफेलेबाईंचा जुना फोन खणखणू लागला. उपग्रहाच्या अर्जात दुसरा नंबर सक्तीचा होता, आणि त्या घरात पार्सलपासून पेस्टकंट्रोलपर्यंत सगळ्यांचा दुसरा नंबर एकच होता.

"माझा आहे! माझा फोन आहे!" टिल्मानने पायरीवर पाय टाकला.

"पाय!" खालून गर्जना झाली. "ओल्या पायरीवर मोज्यांचे ठसे उमटवाल? आणि ओला जिना वरपर्यंत कसा काय? खालून वर पुसलात?"

टिल्मानने पाय उचलून घेतला. आयुष्यभराचं वळण, असं एका फोनपायी थोडंच सुटतं!

हेफेलेबाई वायर ओढत फोन दारात घेऊन आल्या. "कोण बोलतंय? डॉक्टर ओस्वाल्ट? उपग्रहावरून?... बरं, ऑफिसातून. गाव कुठलं तुमचं?... रॉयटलिंगेन? शेजारचं गाव! तरीच. दुपारच्या जेवणाच्या वेळी फोन करताय." मग वर मान करून ओरडल्या, "डॉक्टर, हे विचारतायत, किती सेकंद हवेत!"

"वीस हजार!"

"वीस म्हणतात... काय? दहाच?" पुन्हा मान वर. "दहा हजारांत काम भागेल म्हणतायत!"

टिल्मानला भीती वाटली, की घासाघीस केली तर दहाही जातील. "चालेल! चालेल म्हणा!"

बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "काय चालेल? तुमचा तो रोजच्या बडबडीतला खड्डा असतो कुठे?"

"आलेखाच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात! तिकडे उजेड फार कमी असतो!"

"मग कोपऱ्यालाच जास्त वेळ लागणार ना! जिना नुसता मधोमध पुसायचा आणि कोपरे सोडायचे, हे माझ्या घरात चालत नाही!" त्या फोनकडे वळल्या. "ऐका, ओस्वाल्ट. चाळीस हजार पाहिजेत."

"चाळीस?" टिल्मान किंचाळला.

"नाही कसं? कोण रांगेत आहे?... कृष्णविवर? ते कुठे चाललंय का?... नाही ना? मग पुढच्या आठवड्यात बघा त्याच्याकडे. या आठवड्याची पाटी आमच्या वुर्स्टरसाहेबांच्या दारावर आहे. तुमच्या आईने तुम्हाला पाटीचा अर्थ शिकवलाच असेल."

पलीकडे रॉयटलिंगेनचा एक जाणता शास्त्रज्ञ बहुधा आपोआप ताठ उभा राहिला असावा.

"झालं," बाई म्हणाल्या. "चाळीस. 'हो काकू' म्हणाले."

टिल्मानला रडावं की हसावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. किल्लीवाला येईपर्यंत आणि जिना वाळेपर्यंत त्याला वर तासभर बसावं लागलं, ते त्याने आनंदाने सोसलं.

सोमवारी सकाळी मात्र त्याचं डोकं फिरलं. पाटी अजून त्याच्याच दारावर!

"खालून वर पुसलेला जिना मी धरत नाही," हेफेलेबाईंनी सांगितलं. "घाण पाणी पुसलेल्या पायऱ्यांवरच ओघळतं. हा आठवडा परत तुमचा."

बुधवारी निरीक्षणं हातात आली. पहिल्या दहा हजार सेकंदांत कोपरा सपाट होता. चाळीस हजारांत तिथे खड्डा पडला, खोल, टुमदार खड्डा! पाच लाख कोटी गॉस! फ्रिजवर चिठ्ठी धरून ठेवणाऱ्या चुंबकाचा जोर शंभर गॉसच्या आसपास असतो. टिल्मान तीन मजले नाचत खाली आला आणि त्याने आलेख हेफेलेबाईंच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला.

बाईंनी चष्मा लावला, खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट सवयीने तपासून पाहिलं. "छान आहे. मग चेहरा का पडलाय?"

"तारा मंदावताना खड्डा सरकतो का, ते बघायला हवं. त्याशिवाय लोक मानणार नाहीत. म्हणजे या शनिवारी पुन्हा वेळ पाहिजे. आता कोण देणार? आता कृष्णविवराची पाळी."

हेफेलेबाईंनी चष्मा काढला. "पाटी कुणाच्या दारावर आहे?"

टिल्मानने वर आपल्या दाराकडे बोट दाखवलं. तोवर बाई नंबर फिरवू लागल्या होत्या.

वेळ मिळाला, पुन्हा चाळीस हजार. जाता जाता त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तारा अजून थोडा उजळ असला तर?"

"तेव्हा पाटी शेजारी जाईल. अर्थात, तुम्ही या शनिवारी जिना नीट पुसलात तर."

शनिवारी दुपारी टिल्मानने बादली भरली, बाह्या दुमडल्या, तो तळमजल्यावर हेफेलेबाईंच्या दारासमोर आला, आणि पहिल्या पायरीपासून वर वर पुसत निघाला.