ज्याची त्याची कॅप्सूल

एकाच पातेल्यातली कॉफी दोन माणसांनी पिणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, यावर आता सर्व सुधारलेल्या घरांचे एकमत झाले आहे. पातेल्यात सगळ्यांची चव एक होते, आणि चव एक झाली की माणसाचे व्यक्तिमत्त्व बुडते. म्हणून जाणकारांनी कॉफी कॅप्सूलमध्ये भरली. एक कॅप्सूल, एक कप, एक माणूस.

अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत विन्स्टनच्या घरी हे यंत्र आल्यापासून पूर्ण शांतता होती. विन्स्टनची कॅप्सूल काळी (कडक, जबाबदारीच्या माणसांसाठी). त्याची बायको करेन, तिची जांभळी (कॅफीन काढून टाकलेली, म्हणजे कॉफी वजा कॉफी). त्यांची मुलगी मरिसा, तिची सोनेरी. विन्स्टनची आई सिसिलियाबाई वसईहून कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी वेबसाइटवर रीतसर प्रश्नावली भरण्यात आली. "आपण साहसी आहात का?" या प्रश्नापुढे करेनने "नाही" लिहिले आणि सासूबाईंना फिकट हिरवी मंजूर झाली.

ज्याने त्याने आपल्या वेळी यावे, बटण दाबावे, कप घेऊन आपल्या खोलीत जावे. पूर्वी कॉफी गार होईल म्हणून माणसे एकमेकांना हाका मारत. त्या आरडाओरड्यातून घर सुटले होते.

सिसिलियाबाईंचे मात्र एक जुने काम राहिले होते. त्यांचे यजमान सिरिल लग्नानंतर अबुधाबीला नोकरीला आले, त्या पहिल्या नाताळला त्यांची रजा मंजूर होती, तिकीट काढलेले होते, वसईत अंगणात बाळ येशूचा गोठा सजला होता. आणि सिरिल आले नाहीत. का, ते त्यांनी जन्मभर सांगितले नाही. विचारले की हसून म्हणत, "व्हर्ननला विचार." व्हर्नन तेव्हाचे त्यांचे खोलीतले सोबती. गेल्या वर्षी सिरिल वारले. आता त्यांच्या वार्षिकाच्या रोझरीला, म्हणजे पुण्यतिथीच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, व्हर्नन फुजैराहून येणार होते. फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हती. ती समोर बसून, कॉफी पिता पिता विचारायची होती.

"करेन, त्या दिवशी मी पातेल्यातच करते," सिसिलियाबाई म्हणाल्या. "दूध, साखर, थोडं जायफळ. सगळ्यांना एकदम देता येईल."

"मम्मी, लोक डायरेक्ट ऑफिसमधून येणार. पातेलं बघून काय म्हणतील?"

"कॉफी म्हणतील."

"ग्रॅनी, देअर इज नो नटमेग पॉड!" मरिसाने विषय निकालात काढला.

करेनने प्रार्थनेच्या ग्रुपवर मतदान घेतले: कोणाला कोणता रंग? ज्यांनी आजवर एका आजाऱ्यासाठीही प्रार्थना कळवली नव्हती, त्यांनीसुद्धा तत्परतेने रंग कळवला.

रोझरी झाली. शेवटचे आमेन आणि स्वयंपाकघरातली रांग यांत श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. यंत्र एका वेळी एकच कप देते (त्यातच त्याचे मोठेपण आहे), त्यामुळे पहिला माणूस निरोप घेऊन निघाला तरी मधल्यांची पाळी यायची होती. व्हर्नन सभ्य गृहस्थ. ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले. हातात लाल कॅप्सूल आणि गाडीची किल्ली.

किल्ली पाहून सिसिलियाबाई पाणी घ्यायच्या निमित्ताने ओट्यापाशी गेल्या आणि त्यांनी यंत्राची दोन्ही बटणे एकदम दाबली. क्षार काढायचे असले की विन्स्टन असेच करतो, हे त्यांनी पाहून ठेवले होते. (साहसी नसलेल्या बाईंच्या या कृत्याची नोंद वेबसाइटवर अद्याप झालेली नाही.)

यंत्र नारिंगी लुकलुकू लागले.

"खलास!" विन्स्टन म्हणाला. "डिस्केलिंग सुरू झालं. आता मध्येच थांबवता येत नाही."

मंडळी कॅप्सूल घेऊन पुन्हा सोफ्यावर बसली. प्यायला काही नसल्यामुळे ती नाइलाजाने एकमेकांकडे पाहू लागली.

"व्हर्ननभाऊ," सिसिलियाबाईंनी विचारले, "त्या नाताळला हे घरी का नाही आले?"

"वहिनी, त्याने अजून नाही सांगितलं?" व्हर्नन हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिकीट खिशात होतं त्याच्या. टॅक्सी खाली उभी. मीच बॅग उचलली, आणि तेवढ्यात आमच्या खोलीतला तो दौलत..."

"अरे, आमच्याकडे सेम मॉडेल आहे की!" शेजारच्या कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. "बाजूचंच तर दार. चला सगळे, यल्ला!"

सूचना एकमताने संमत झाली. दोन बोटांत आपापली कॅप्सूल उंच धरून, मेणबत्त्यांच्या मिरवणुकीसारखी, मंडळी फाटकातून बाहेर पडली. शेवटी व्हर्नन.

"वहिनी, एवढी घेऊन आलोच," ते म्हणाले.

फुजैराचा रस्ता लांबचा, म्हणून ते तिथून परस्पर निघाले. करेनला त्यांचा मेसेज आला: लाल फारच छान होती. पुढच्या वर्षी पाहुण्यांना असे ताटकळावे लागू नये म्हणून विन्स्टनने दुसरे यंत्र मागवले आहे. इन्शाल्ला, व्हर्ननही येतील. या वयात पुढच्या वर्षाचे बोलताना माणसे एवढे तर म्हणतातच.

सिसिलियाबाई त्या संध्याकाळी रिकाम्या सोफ्यांसमोर बराच वेळ बसून होत्या. आत यंत्र आपले क्षार काढत होते.

त्यांच्याबद्दल आपल्याला वाईट वाटले असेल, यात शंका नाही. पण काळी, जांभळी, सोनेरी, लाल असे वाचता वाचता आपणही आपल्यापुरता एक रंग मनात ठरवून टाकला आहे. वार्षिक कोणाचे होते, ते नाव मात्र वर जाऊन पुन्हा पाहावे लागेल.